शालनने कापलेला कोट

शालनच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी सुकट निवडत होते. "मावशी गेली," ती म्हणाली. "सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसली आणि..." मी विचारलं, "नेसवणार काय तिला?" ही म्हातारी हे काय विचारते, असं वाटलं असेल तिला. पण शालन गेल्यावर आधी हेच विचारायला हवं होतं. "नवीन साडी आणायला पाठवलंय, चमचमवाली," ती म्हणाली. मी म्हटलं, "ती राहू दे. तिची राखी टसर असेल कपाटात, ती नेसव. नाहीतर उठून बसेल आणि तुलाच बोलेल." भाची रडता रडता हसली. टसरच नेसवली, असं नंतर कळलं. मी अँटॉप हिलला भाचीच्या घरी पोचेपर्यंत तिला नेलं होतं. माझे गुडघे आता कुणासाठी घाई करत नाहीत. रिकाम्या खुर्चीसमोर थोडा वेळ बसले, पाणी प्यायले आणि घरी आले. रडले नाही. पण त्यानंतर दुपारी डोळा लागला की मला उगाच कापड दिसतं, जमिनीवर पसरलेलं, पाण्यासारखं, आणि त्यावर उजेड इकडून तिकडे फिरत असतो... म्हणून म्हटलं, लिहून काढावं.

मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा शालन शेजारच्या खोलीत होती. आई नव्हती तिला, थोरली बहीण लग्न होऊन गेलेली. वडील, अण्णा, शिंपी होते. मूळचे सावंतवाडीकडचे. त्यांचं दुकान गिरगावात, खोताच्या वाडीच्या तोंडाशी. वाडीतल्या ख्रिश्चन घरांतले नवरे देवळात उभे राहायचे ते अण्णांनी शिवलेल्या सुटात. मी चौथी शिकलेली, पण हातात सुई बरी होती, म्हणून घरबसल्या त्यांच्या कोटांची काजं करायला लागले. दुपारी मी आणि शालन दारात बसून काम करायचो. आमचे हे गिरणीत फिनिशिंगला होते. गरम रोळातून कापड निघतं आणि आरशासारखं चकाकतं, याचा त्यांना भारी अभिमान. शालन त्यांना सोडायची नाही.

"भावोजी, तुमची चमक रोळाची. पहिल्या धुण्यात उतरते."

"मग धुवायचं कशाला? सुटाला काय अंघोळ घालतात?"

"घाम येतो ना माणसाला. तुमच्यासारख्याला तर जास्तच."

हे हसत निघून जायचे. मग ती मला समजावून सांगायची. रेशीम, टसर, मोहेर म्हणजे ती परदेशी बकरीची लोकर, यांचं तेज धाग्यातच असतं. ते वरून चोपडलेलं नसतं. वरून लावलेली चमक एका जागी बसून असते, ती डोळ्यात घुसते. धाग्यातलं तेज माणूस हलला की हलतं, थांबला की थांबतं. "आणि वच्छी, त्याला दिशा असते," ती म्हणायची. "मांजरासारखं. एका बाजूने हात फिरवला तर उजळतं, उलटा फिरवला तर काळवंडतं. एका कोटाचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात. एक जरी उलटा गेला तरी कोट दोन रंगांचा दिसतो." कापडाबद्दल बोलताना तिचा आवाज खाली यायचा, झोपलेल्या मुलाजवळ बोलावं तसा. मला त्यातलं सगळं कळायचं असं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

एक गोष्ट चाळीत फक्त मला माहीत होती. अण्णांच्या डोळ्यांत पडदा आला होता, आणि बरेच दिवस कापायचं काम शालनच करत होती. घरी कापायची, अण्णा तुकडे गाठोड्यात बांधून ट्रामने दुकानात न्यायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, मास्तरांचा हात अजून तसाच आहे हो. अण्णा मान हलवून ते घ्यायचे आणि घरी येऊन तिला सांगायचेही, काही लपवायचे नाहीत. मी एकदा तिला विचारलं, "तुला राग येत नाही?" ती म्हणाली, "येतो. मग मी आणखी चांगलं कापते." थोड्या वेळाने दोरा दाताने तोडत म्हणाली, "एकदा, एकदाच कुणीतरी म्हणावं गं, हा कोट शालनने कापला." मग स्वतःच म्हणाली, "पण तसं म्हटलं की अण्णा संपले." बाईने कापलेला सूट त्या काळी कुणी अंगाला लावला नसता, आणि डोळे गेलेल्या शिंप्याच्या दुकानाची पायरीही कुणी चढलं नसतं. दोन्ही तिला पक्कं माहीत होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा कर्फ्यू. आमचे हे घोषणा देऊन घसा बसवून घरी यायचे, मग भाकरीसुद्धा खुणेने मागायचे. गिरगावात दगडफेक व्हायला लागली तेव्हा अण्णांनी दुकानातली कापडं घरी आणून ठेवली. त्यात एक मोहेरचा तुकडा होता. खोताच्या वाडीतल्या रोझीबाईचा. तिच्या विलीचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं आणि तिच्या भावाने, तो बोटीवर होता, हे कापड परदेशातून आणलं होतं. तसं दुसरं मुंबईत मिळणार नव्हतं. कोट, पॅन्ट आणि वेस्टकोट, एवढ्यालाच पुरणारं. शिनाण्याचा शिंपला आतून जसा दिसतो, राखाडी म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर राखाडी, तसा रंग. शालनने तो मांडीवर घेतला आणि किती तरी वेळ उजेडात इकडून तिकडे फिरवत राहिली.

पण अण्णा म्हणाले, हा कोट मी कापणार. रोझीबाईच्या नवऱ्याचा लग्नाचा सूट त्यांनीच शिवला होता, आता मुलाचाही त्यांना आपल्या हाताने करायचा होता. शालनने कापडाच्या उलट्या बाजूला खडूने बाण काढून ठेवले, दिशा चुकू नये म्हणून.

अण्णांनी कापायला घेतलं त्या दिवशी गिरण्या बंद होत्या. गिरणगावात ज्यांनी दिवस काढले त्यांनाच ती शांतता ठाऊक. भोंगा नाही, घरघर नाही, कानाला इतकी मोकळी जागा की भीती वाटावी. खालच्या रस्त्यावर अश्रुधूर सोडला होता म्हणून आम्ही सगळ्यांनी खिडक्या लावून फटींत ओली फडकी कोंबली होती. शालनच्या खोलीत जमिनीभर ते कापड पसरलं होतं. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी त्यावर पडली होती आणि तेवढ्याच पट्टीत कापड जागं होतं, बाकीचं झोपलेलं, खडूचे बाणही अंधारात बुडालेले. शालन म्हणाली, "अण्णा, खिडकी उघडायला मिळू दे. उजेडात कापू." अण्णा म्हणाले, "माका हातान कळता." तिने आणखी एकदा म्हटलं. "तुका कोणी विचारल्यान?" ते म्हणाले. मग ती तोंड फिरवून बसली. कात्री चालल्याचा आवाज मात्र मला आठवतो, वाळूवर लाट येऊन परत जाते तसा... एक तुकडा कापायचा, बाजूला ठेवायचा, पुढचा. मोठे मोठे तुकडे त्यांनी बिनचूक कापले. खरंच बिनचूक. वेस्टकोट मागाहून कापू म्हणून त्याचं कापड गुंडाळून ठेवलं.

कर्फ्यू उठल्यावर ट्रायलला रोझीबाई विलीला घेऊन चाळीतच आली, दुकान उघडायची सोय नव्हती. कच्च्या शिलाईचा कोट विलीने अंगावर चढवला आणि खोलीत अंधार म्हणून बाहेर गॅलरीत आला. सकाळचं ऊन तिरपं येत होतं. आमच्या गॅलरीला लाकडी खांब होते, एक खांब, एक उन्हाचा तुकडा, पुन्हा खांब. विली चालायला लागला आणि गॅलरीतल्या बायका कामं सोडून बघत राहिल्या. सावलीत तो कोट निळा व्हायचा, उन्हात आला की चांदीसारखा उजळायचा, पुन्हा निळा. कुणी तरी स्वप्नातलं माणूस चाललंय असं वाटत होतं. आणि मग सगळ्यांना एकदमच दिसलं. कोट उजळला की डावी बाही विझायची. कोट विझला की ती बाही पेटायची. जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.

"मास्तर," रोझीबाई म्हणाली, "ह्यो हात असा काय?"

अण्णा पुढे आले. विलीचा दंड धरून बाही डोळ्यांजवळ नेली. उजेडाकडे केली, सावलीत केली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. साऱ्या गॅलरीला जे दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. आणखी एक क्षण गेला असता तर तेही सगळ्यांना कळलं असतं.

"तो हात मी कापला," शालन दारातून म्हणाली.

"तू?" रोझीबाई वळली. "तू कापला? बाईमाणसाने कापलेला कोट घालून माझा पोर देवळात उभा राहणार? मास्तर, ही काय मस्करी हाय?"

गॅलरीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, बघा बाई, पोरीला कात्री दिली की असं होतं. विली बिचारा हात पसरून बुजगावण्यासारखा उभा. आईपेक्षा त्याला अक्कल होती. तो म्हणाला, "मम्मा, थांब जरा. हा हात चुकला, पण बाकीचा कोट बघ ना, किती बरोबर बसलाय. बाकीचा कुणी कापला?"

अण्णांनी म्हटलं असतं की मी, तर ते अगदी खरं होतं. हक्कही होता. शालन त्यांच्याकडे बघत होती, त्यांनी तेच म्हणावं म्हणून. अण्णा विलीचा दंड सोडून म्हणाले, "सगळो तिनाच कापल्यान. हल्ली सगळे तीच कापता."

रोझीबाई मटकन आमच्या उंबऱ्यावर बसली. त्याच्या आधीच्या दिवाळीला की नाताळला तिच्या दिराने शिवून घेतलेला सूट, शेजाऱ्याचा सूट, सगळे तिने मनात मोजले असणार, कारण ती बराच वेळ नुसती शालनच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "कापड दुसरं नाय. दिवस नायत. आता तूच निस्तर गो बाय." आणि वेस्टकोटाचं कापड मोडून बाही काढायची असं ठरलं. वेस्टकोट गेला म्हणून ती रडली. नवऱ्याच्या घड्याळाची साखळी तिथे लावायची होती तिला. विली मात्र म्हणाला, "बरं झालं. मे महिन्यात तीन कपडे घालून मी फादरसमोर वितळलो असतो."

मंडळी गेल्यावर बापलेकीचं जे झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. चाळीतल्या भिंतींना लपवता कुठे येतं?

"माझी चूक तू कित्याक घेतलंस?" अण्णांचा आवाज फाटला होता.

"तुम्ही माका कोट कित्याक दिलात?"

"चूक माझी होती."

"कोटय तुमचोच होतो."

त्यांनी तो कोट तिला रागाने दिला की मायेने, मला आजवर समजलेलं नाही. तिलाही समजलं नसावं. काही दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत मागायची. पण दुसऱ्या सकाळी शालनने सगळ्या खिडक्या उघडल्या, ऊन खोलीच्या मध्यावर येईपर्यंत हात धुऊन बसून राहिली, आणि मग ती बाही कापली. अण्णा कोपऱ्यात पाठ करून बसले होते. तिने त्यांच्या पाठीला विचारलं, "बघतास?" त्यांनी मान हलवली नाही. पण कात्री थांबली तेव्हा त्यांनी मागे न बघता हात पुढे केला. तिने बाही त्यांच्या हातावर ठेवली. वरून खाली त्यांनी एकदा हात फिरवला आणि परत दिली.

कोट पोचवायला आम्ही दोघी वाडीत गेलो. लाकडी जिन्याचं घर, गॅलरीत मोगऱ्याच्या कुंड्या. पुरुषाला हात लावायचा नाही म्हणून शालन दारातच उभी राहून हुकूम सोडत होती आणि विली आतल्या आरशासमोर उभा राहून ऐकत होता.

"टाय कुठली आणलीस?"

त्याने लाल साटिनची टाय दाखवली.

"ही तुझ्या मेव्हण्याला दे. कापडाला तेज असलं की बाकी सगळं मुकं हवं. टाय जाड विणीची, बिनचमकीची. शर्ट साधा सुती. रुमालही सुती. बूट पॉलिश कर, पण आरसा करू नको त्याचा."

"आणि?"

"ब्रश वरून खाली मारायचा, कधी उलटा नाही. वरून इस्त्री लावायची नाही, इस्त्रीची चमक चढली की ती काही केलं तरी जात नाही. बसताना बटण सोड. उजेडाकडे छाती करून उभा राहू नको, जरा तिरपा राहा, उजेड खांद्यावरून घसरू दे. आणि चालताना घाई करू नको. हळू चाललास तर कापडाला रंग बदलायला वेळ मिळतो."

"आणि लग्न कुणाशी करू?"

"ते फादरला विचार," शालन म्हणाली, आणि आतून रोझीबाईचं हसू ऐकू आलं. कर्फ्यूनंतर तिला पहिल्यांदाच हसताना ऐकलं मी.

लग्नाला आम्हाला बोलावलं होतं. अण्णाही आले. आम्ही देवळात सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. मी त्याआधी ख्रिश्चनांच्या देवळात कधी गेले नव्हते. उंच खिडक्यांना रंगीत काचा, दुपारचं ऊन त्यातून गाळून जमिनीवर सांडलेलं, मेणबत्त्यांचा वास, पेटीचा लांबलचक सूर. मधल्या वाटेने विली हळूहळू चालत गेला. अगदी सांगितलं होतं तसा. मी आयुष्यात पुष्कळ लग्नं पाहिली, पण एखादा नवरा असा उजेडातून पोहत गेल्यासारखा पुन्हा पाहिला नाही. अण्णा ताठ बसले होते, नजर समोर, दिसत तर काही नव्हतं. वाट अर्धी झाल्यावर ते न वळता हळूच म्हणाले, "कसो दिसता?"

कित्येक दिवसांनी ते तिच्याशी बोलले होते. शालन त्यांच्या कानाशी गेली.

"आता निळो दिसता, अण्णा... आता तांबड्या काचेखाली इलो, जांभळो झालो... आता राखाडी."

"हात?"

"दोनय एकाच वेळी."

अण्णांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, चांगलं मोठ्याने. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून बघितलं. मग जेवणावळीच्या वेळी रोझीबाई शालनचं मनगट धरून तिला टेबलाटेबलाशी घेऊन फिरली. "ह्या पोरीने कापला. हिनेच. एक हात आधी बिघडवला होता, मग मी कान उपटला तेव्हा नीट केला." शालन केक खात मान डोलवत होती. अण्णा ऐकत होते. एका शब्दाने कुणी काही दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षं शालन उघडपणे कापत राहिली. काही गिऱ्हाइकं तुटली, काही नवी आली. मापं अण्णा घ्यायचे, टेपवरचे आकडे वाचायला ती दोन हात लांब उभी राहायची. अण्णा गेल्यावरही लग्नाच्या सुटासाठी वाडीतली माणसं तिच्याकडेच यायची. तिने लग्न केलं नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाली, "लोकांची नवरेमंडळी सजवण्यातच वेळ गेला." तयार सुटांची दुकानं झाली तेव्हा तिने गिरगावचं दुकान सोडलं आणि भाचीकडे राहायला गेली. तिच्याबद्दल कुणी बोललं की त्या मोहेरच्या कोटाचं कौतुक व्हायचंच. एकदा मला म्हणाली, "वच्छी, ज्या कोटाने माझं नाव झालं त्यातली एक बाही माझी. बाकीचा अण्णांचा." मी म्हटलं, "मग सांगत का नाहीस?" ती म्हणाली, "त्यांनी दिलेला आहे गं. दिलेलं परत कसं करायचं?" आता दोघंही नाहीत, म्हणून मी हे लिहिते आहे. कोट अण्णांनी कापला होता. बाही शालनने.

परवा दादरला एका हॉलमध्ये भावाच्या नातवाच्या रिसेप्शनला गेले होते. पोराने भाड्याचा सूट घातला होता, करडा, कापड मात्र बरं निघालं, आतून तेज असलेलं. त्यावर झगमगीत टाय, आणि व्हिडिओवाल्याचा दिवा थेट छातीवर. कोट नुसता पांढरा फटक दिसत होता, मेलेल्या माशासारखा. मला राहवेना. काठी टेकत स्टेजवर चढले, पाकीट त्याच्या हातात दिलं आणि कोपर धरून त्याला थोडा फिरवला. "असा तिरपा राहा. टाय काढून टाक. आता हळूच श्वास घे." उजेड त्याच्या खांद्यावरून खाली उतरला आणि कोटाला रंग आला. शेजारची नवरी चकित होऊन बघायला लागली. पोरगा हसून म्हणाला, "आजी, हे तुला कुणी शिकवलं?"

"शालनने."

"कोण शालन?"

मागे आहेराची रांग खोळंबली होती, लोक घसे खाकरत होते. उभं राहून सगळं सांगत बसण्याची ती जागा नव्हती. पायरी उतरता उतरता मी मागे वळून, स्टेजवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, एवढंच म्हणाले, "कोट कापायची."